लुई आर्मस्ट्राँग: एका ट्रम्पेटवाल्याची कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या रेकॉर्ड ऐकायला दहा-बारा मंडळी जमतात. जॅझ लावलं की प्रश्न ठरलेले असतात. कुणी चहा घेताना विचारतं, कुणी घरी पोचल्यावर रात्री अकरा वाजता मेसेज करतं. त्यातले निम्मे प्रश्न आर्मस्ट्राँगवरचे. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. लुई म्हणायचं की लुइस? आणि हे 'सॅचमो' काय आहे?

दोन्ही चालतं. 'हॅलो, डॉली!'च्या रेकॉर्डवर तो स्वतःचं नाव शेवटचा 'स' ठणकावून 'लुइस' असं गातो. पण जगभर 'लुई'च रुळलंय, म्हणून इथेही तेच. लहानपणी रुंद तोंडावरून त्याला 'डिपरमाउथ' म्हणत, म्हणजे डावाएवढं तोंड. 'सॅचेलमाउथ' हे दुसरं चिडवायचं नाव, पिशवीएवढं तोंड. १९३२ साली तो लंडनला गेला तेव्हा तिथे त्याचं 'सॅचमो' झालं आणि ते कायमचं चिकटलं. बँडमधली माणसं मात्र त्याला 'पॉप्स' म्हणत.

२. पारंपरिक जॅझ म्हणजे नेमकं काय? त्यात ट्रम्पेटचं काम काय असतं?

न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे वाजत होतं ते. पुढच्या फळीत तीन वाद्यं. ट्रम्पेट किंवा कॉर्नेट चाल सांगतं, क्लॅरिनेट तिच्यावरून वेलबुट्टी काढत जातं आणि ट्रोम्बोन खालून आधार देत मध्येच खर्जात घसरतो. तिघं एकाच वेळी बोलत असतात, पण भांडत नाहीत. मागे बँजो, पियानो, ट्यूबा किंवा डबल बास आणि ड्रम. चाल ट्रम्पेटकडे असल्यामुळे तो गडबडला की सगळं घर कोसळतं.

हे संगीत सभागृहात जन्मलेलं नाही. मिरवणुका, नाचाचे हॉल आणि अंत्ययात्रा ही त्याची जागा. स्मशानाकडे जाताना बँड संथ भजनं वाजवायचा आणि दफन उरकून परतताना तोच बँड नाचायला लावणाऱ्या चाली काढायचा. बँडच्या मागून नाचत येणाऱ्या गर्दीला तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत बँडमागे चाललेला माणूस हे पटकन समजेल, इतकंच. पुढचं साम्य ओढूनताणून काढू नका.

३. कॉर्नेट आणि ट्रम्पेट एकच का?

सख्खी भावंडं. दोन्हीला तीन व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा), बोटं तीच. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते म्हणून आवाज मऊ आणि गोल येतो, ट्रम्पेटचा आवाज सरळ आणि झळझळीत. आर्मस्ट्राँगने सुरुवात कॉर्नेटवर केली आणि १९२६च्या आसपास, शिकागोत थिएटरच्या ऑर्केस्ट्रात वाजवत असताना, तो ट्रम्पेटकडे वळला. म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर तुम्हाला जे ट्रम्पेट वाटतं ते कॉर्नेट आहे.

४. त्याचा जन्म ४ जुलै १९००चा ना? काही ठिकाणी वेगळीच तारीख दिसते.

४ जुलै १९०० ही तारीख तो स्वतः आयुष्यभर सांगत राहिला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि वर गोल आकड्याचं साल, मग कोण बदलेल? त्याच्या मृत्यूनंतर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत खरी नोंद सापडली: ४ ऑगस्ट १९०१. शाळेच्या दाखल्यावर १ जूनला जन्मलेली निम्मी वस्ती आपल्या ओळखीची असते, त्यामुळे याचं आपल्याला आश्चर्य वाटायला नको.

५. तो तुरुंगात ट्रम्पेट शिकला हे खरं आहे का?

अर्धं खरं. १९१२च्या ३१ डिसेंबरला अकरा वर्षांच्या लुईने नववर्षाच्या जल्लोषात भर रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला आणि पोलिसांनी धरला. त्याला पाठवलं ते कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात. तिथे बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. त्यांनी आधी त्याला खुळखुळ्यासारखी वाद्यं दिली, मग ड्रम, मग बिगूल आणि शेवटी कॉर्नेट. बाहेर आला तो १९१४ साली.

पण वाजवण्याचं वेड त्याआधीचं. कार्नोफ्स्की नावाच्या, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबाकडे तो भंगाराच्या गाडीवर काम करायचा आणि गिऱ्हाइकं बोलवायला पत्र्याची पिपाणी वाजवायचा. गहाणवटीच्या दुकानातलं पहिलं कॉर्नेट त्याच घरातून उचल घेऊन त्याने विकत घेतलं. हे उपकार तो म्हातारपणीही विसरला नव्हता. मरणाच्या दोन वर्षं आधी, हॉस्पिटलात पडल्या पडल्या, त्याने त्या कुटुंबाबद्दल पानंच्या पानं लिहून काढली.

६. किंग ऑलिव्हर हा त्याचा गुरू होता का?

आपल्या अर्थाने गंडाबंधन वगैरे नव्हतं, पण मानलेला गुरू तोच. किंग ऑलिव्हर, म्हणजे जो (Joe) ऑलिव्हर, न्यू ऑर्लिन्समधला मानाचा कॉर्नेटवाला. पोरगा लुई त्याच्या बायकोची सटरफटर कामं करायचा, बदल्यात ऑलिव्हर शिकवायचा. एकदा त्याने आपलं जुनं कॉर्नेटही देऊन टाकलं. ऑलिव्हर शिकागोला गेला तेव्हा किड ओरीच्या बँडमधली त्याची जागा लुईला मिळाली. १९२२च्या ऑगस्टमध्ये तार आली: शिकागोला ये, माझ्याशेजारी दुसरं कॉर्नेट वाजव. आठवड्याला ५२ डॉलर.

१९२३च्या एप्रिलमध्ये या बँडच्या पहिल्या रेकॉर्ड झाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळे एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. लुईचा आवाज इतका मोठा की त्याला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं, असं बँडची पियानिस्ट लिल हार्डिन सांगायची. तो कोपऱ्यात हिरमुसून उभा होता म्हणे. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं आणि 'दुसरं कॉर्नेट वाजवत आयुष्य काढणार का?' असं टोचून त्याला ऑलिव्हरपासून वेगळं करणारीही तीच. तिने ढकललं नसतं तर तो तिथेच सुखात राहिला असता, असं माझं मत आहे. ऑलिव्हरचं पुढे काय झालं ते प्रश्न ९ मध्ये.

७. त्याला नोटेशन वाचता येत होतं का?

सुरुवातीला जवळजवळ नाही. १९१९पासून दोन-तीन मोसम तो मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये होता. संध्याकाळी बोटीवर नाच, त्यासाठी छापील संगीत, आणि मॅरेबल शिस्तीचा कडक. तिथे तो वाचायला शिकला. १९२४ साली न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या बँडमध्ये गेला तोवर काम भागण्याइतकं येत होतं.

मुंबईच्या जॅझवाल्यांची गोष्ट बरोबर उलटी आहे. ती प्रश्न १३ मध्ये आहे.

८. सुरुवात कुठल्या रेकॉर्डपासून करू? यादी नको, एकच सांगा.

'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८, शिकागो.

यादी नको म्हणालात म्हणून थोडं सविस्तर. १९२५च्या नोव्हेंबरपासून तीन वर्षं आर्मस्ट्राँगने 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या नावांनी रेकॉर्ड केल्या. हे बँड रोज रात्री कुठे वाजवत नव्हते, जवळजवळ फक्त स्टुडिओपुरतेच जमायचे. त्यातली ही तीन मिनिटांच्या आसपासची तबकडी.

सुरुवातीला ट्रम्पेट एकटं. ड्रम नाही, पियानो नाही, हातात धरायला ताल नाही. पहिले चार स्वर सणसणीत, सरळ. मग एक उंच जागा गाठून तो गडगडत खाली येतो. बारा-तेरा सेकंदांत संपतं. आमच्या बैठकीतल्या एका काकांनी, जे हयातभर ख्याल ऐकत आले, हे पहिल्यांदा ऐकून नुसती मान हलवली आणि म्हणाले, 'सुई परत मागे घ्या.' चार वेळा घेतली. रेकॉर्ड पुढे जाऊच देईनात.

पुढे जाऊ दिली तर शेवटच्या आवर्तनात तो एकच उंच स्वर जवळजवळ चार बार (मोजलेल्या मात्रांचे चार गट) धरून ठेवतो. तिथे घड्याळाकडे बघू नका, त्याच्या खाली अर्ल हाइन्सचा पियानो काय करतो ते ऐका. स्वर धरलेला, खालची जमीन सरकतेय, आणि मग तो एकदम सुटतो. ही धून मुळात ऑलिव्हरची. त्याने स्वतः ती त्याच महिन्यात, सतरा दिवस आधी, रेकॉर्ड केली होती. दोन्ही पाठोपाठ लावा, पिढी बदलल्याचा आवाज ऐकू येईल.

पोटप्रश्न नेहमी येतो: गाताना कागद हातातून पडला म्हणून स्कॅट गायन जन्मलं का? 'हीबी जीबीज'च्या (१९२६) वेळची ही गोष्ट छान आहे आणि तो स्वतः ती रंगवून सांगायचा. पण निरर्थक अक्षरांनी गाणं त्याआधीही रेकॉर्डवर आलेलं होतं. त्याने ते लोकप्रिय केलं, हे मात्र खरं.

९. ट्रम्पेटवाल्यांच्या ओठांना खरंच इतका त्रास होतो? की ते फक्त सांगायचं म्हणून?

होतो, आणि माझ्या मते आर्मस्ट्राँगची पन्नास वर्षं समजून घ्यायची तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

मागे एका लग्नात वरात यायची वाट बघत बँडवाले पायरीवर बसले होते. एका म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याच्या वरच्या ओठावर रुपयाएवढा गोल वण होता. विचारलं तर हसला आणि वाद्य माझ्या हातात देत म्हणाला, 'वाजवा की.' पहिल्या पाच फुंकरींत नुसती हवा. मग कसाबसा एक आवाज निघाला, म्हशीच्या हंबरण्यासारखा. पाच-सात मिनिटांत ओठ बधिर. चहाचा कप तोंडाला लागलाय की नाही हेही कळेना.

ट्रम्पेटमध्ये पिपाणीसारखी पत्ती नसते. ओठ हीच पत्ती. दोन ओठ फुंकरीने थरथरतात, ती थरथर नळीत जाऊन स्वर होते. उंच स्वर हवा तर ओठ ताणायचे आणि हवेचा जोर वाढवायचा. थकलं की माणूस माउथपीस ओठावर दाबून काम भागवतो, आणि घात तिथे होतो: रक्त अडतं, स्नायू सोलवटतो. आर्मस्ट्राँगची पकड शास्त्रशुद्ध नव्हती. माउथपीस ओठाच्या लाल, नाजूक भागावर टेकायचा आणि दाब जबरदस्त. त्यातून १९३०च्या सुमारास त्याने काय आरंभलं, तर कार्यक्रमाच्या शेवटी शंभराहून जास्त उंच 'सी' स्वर एकामागून एक वाजवायचे, बँडने मोठ्याने मोजायचे आणि मग त्याहून वरच्या 'एफ'वर संपवायचं. लोक वेडे व्हायचे. ओठ फाटायचा. १९३३ साली लंडनमध्ये स्टेजवरच फुटला आणि शर्टावर रक्त आलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याने कित्येक महिने विश्रांती घेतली.

परतला तो शहाणा होऊन. सर्कस कमी झाली, स्वर कमी झाले, पण प्रत्येक स्वर मोठा आणि जागच्या जागी. गाणंही वाढलं, कारण गाताना ओठाला आराम मिळतो. त्याची ती हसरी बडबड, गाणं, बँडमधल्या दुसऱ्याला पुढे करणं, यात रंजन होतं तसाच हिशेबही होता: आज रात्री उरलेला ओठ उद्याला पुरवायचा. हातातला पांढरा रुमाल घामासाठी. जर्मनीतल्या मानहाइममधलं ओठांचं मलम तो वापरायचा, आणि ते त्याच्या नावावर विकलंही गेलं. वैद्यकशास्त्रात फुंकवाद्य वाजवणाऱ्यांच्या ओठाचा स्नायू फाटण्याला 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात.

आता ऑलिव्हर. त्याच्या हिरड्या खराब झाल्या, दात गेले. दात गेले म्हणजे माउथपीस टेकवायला मागे भिंतच नाही. १९३७ साली आर्मस्ट्राँग दौऱ्यावर सवाना शहरात गेला तर त्याचा गुरू तिथे भाजी विकताना भेटला. खिशात होते ते सगळे पैसे त्याने काढून दिले. पुढच्या वर्षी ऑलिव्हर गेला.

१०. माझा मुलगा ट्रम्पेट शिकतोय. आर्मस्ट्राँगसारखं वाजव म्हणू का?

ऐक म्हणा, तशी पकड धरू नकोस म्हणा. का ते वर आलंच. त्याचा स्वर, लय आणि कुठे थांबायचं हे घेण्यासारखं आहे. ओठाचं काम शिक्षकांकडूनच शिकावं. दातांना तारा असतील तर शिक्षकांना आधी सांगा.

११. पैसे नीट मिळाले का त्याला? की सगळे मॅनेजरने खाल्ले?

दोन्ही थोडं थोडं. हॉट फाइव्हच्या जगप्रसिद्ध रेकॉर्डसाठी ठरलेली रक्कम मिळाली, विक्रीतला वाटा नाही. पोट चालायचं ते रोजच्या नोकरीवर. १९२५ साली लिलने त्याला शिकागोत आठवड्याला ७५ डॉलरची जागा मिळवून दिली, तेव्हा ती भली मोठी बातमी होती.

१९३५पासून जो ग्लेझर मॅनेजर. शिकागोतल्या गुन्हेगारी टोळ्यांशी ऊठबस असलेला, तोंडाळ माणूस. गोऱ्या क्लबमालकांशी भांडणं, कर, हॉटेलं, पगार सगळं ग्लेझर बघणार आणि लुई फक्त वाजवणार. ग्लेझरने स्वतःसाठी भरपूर कमावलं यात शंका नाही. पण त्याआधी गुंड-मॅनेजरांच्या दोन गटांच्या ओढाताणीत आर्मस्ट्राँगला शहरंच्या शहरं टाळावी लागली होती. त्याने जाणूनबुजून सौदा केला. मला तो सौदा आवडत नाही, पण तो करणारा मी नव्हतो.

श्रीमंती कुठे दिसली म्हणाल तर फारशी नाहीच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं कोरोना वस्तीतलं घर चौथी बायको ल्युसिलने १९४३ साली घेतलं, तो दौऱ्यावर असताना. तो परत आला तर टॅक्सीवाल्याला म्हणाला, जरा थांब. हे आपलं घर आहे यावर विश्वास बसेना. शेवटपर्यंत तिथेच राहिला, गल्लीतल्या पोरांसोबत पायरीवर बसून.

१२. तो गोऱ्यांपुढे दात काढून हसत राहिला, हा आरोप खरा आहे का?

हा आरोप त्याच्याच तरुण सहकाऱ्यांनी केला, त्यामुळे झटकून टाकता येत नाही. ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीने केला आणि पुढे आपलं मत बरंच बदलल्याचं लिहिलंही. स्टेजवरचं ते हसू चाळीस-पन्नासच्या दशकातल्या कृष्णवर्णीय तरुणांना बोचत होतं.

पण १९५७चा सप्टेंबर बघा. अर्कान्सासमधल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ देत नव्हते, गव्हर्नरने सैनिक उभे केलेले. आर्मस्ट्राँग तेव्हा नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्समध्ये होता. मुलाखतीला आलेल्या एका तरुण बातमीदाराला त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आणि गव्हर्नर यांच्याबद्दल जे सुनावलं त्यातलं निम्मं छापता येण्याजोगं नव्हतं. सरकारतर्फे सोव्हिएत युनियनला जायचं होतं, तेही जाणार नाही म्हणाला. संपादकांचा विश्वास बसेना. बातमीदार मजकूर घेऊन परत आला. आर्मस्ट्राँगने वाचला आणि खाली एक शब्द लिहिला: 'सॉलिड'. कार्यक्रम रद्द झाले, रेकॉर्डवर बहिष्काराच्या हाका आल्या. त्याने शब्द मागे घेतला नाही.

आणखी एक. १९५६ साली लुइझियानाने गोरे-काळे एकत्र वाजवायला कायद्याने बंदी घातली. त्याच्या 'ऑल स्टार्स' बँडमध्ये दोन्ही होते. म्हणून स्वतःच्या गावात, म्हणजे त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, तो १९६५पर्यंत वाजवायला गेला नाही.

१३. मुंबई-गोव्याशी त्याचा काही संबंध?

एका हाताच्या अंतरावर आहे. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक १९२०च्या दशकात शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ऑर्केस्ट्रात होता. पुढे तो आशियात आला, मुंबईच्या ताजमध्ये वाजवलं आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. ताजमध्ये त्याच्यासारख्यांच्या सोबतीने गोव्याचे वादक घडले.

त्यांतला अंतोनिओ शाव्हिएर वाझ हा हळदोण्याचा, जन्म १९१६. मुंबईने त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखलं आणि 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' अशी पदवी दिली. ट्रम्पेट तसं, घोगरा आवाज तसा, रुमालही तसाच. आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्याने काम केलं. १९५१च्या 'अलबेला'तल्या गाण्यांत ऐकू येणारी ती नाचरी पितळी वाद्यं तिथून आली. भगवानदादांच्या पावलांमागे न्यू ऑर्लिन्स आहे, हे आमच्या बैठकीत सांगितलं की लोक आधी हसतात. मग गाणं लावतो.

प्रश्न ७ मध्ये उलटं म्हणालो ते असं: गोव्याच्या पोरांना गावच्या चर्चच्या शाळेत मेश्त्री (तिथले संगीतशिक्षक) लहानपणीच नोटेशन घोटवून घेत. त्यांना कागद आधी आला, कागद सोडणं मागाहून शिकावं लागलं. आर्मस्ट्राँगचं अगदी उलट.

१४. 'हॅलो, डॉली!' हे जॅझ आहे का? आणि 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'मध्ये ट्रम्पेट कुठे आहे?

पहिल्याचं उत्तर: हो, नीट ऐका. नाटकाची जाहिरात म्हणून १९६३च्या डिसेंबरात उरकलेलं काम. तो रेकॉर्ड करून विसरूनही गेला होता. दौऱ्यावर लोक 'डॉली, डॉली' ओरडायला लागले तेव्हा बँडला चाल आठवेना, रेकॉर्ड मागवून पुन्हा बसवावी लागली. ९ मे १९६४ला तिने बीटल्सची तीन महिन्यांहून लांबलेली सद्दी मोडून अमेरिकेत पहिला नंबर घेतला. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. मधला ट्रम्पेटचा तुकडा अस्सल न्यू ऑर्लिन्स वळणाचा आहे.

दुसऱ्याचं उत्तर: कुठेच नाही. १९६७च्या त्या गाण्यात तो फक्त गातो. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं, अमेरिकेत मात्र पडलं, आणि तिथे गाजलं ते त्याच्या मृत्यूनंतर, सिनेमात वापरल्यावर. म्हणजे आज जगातले बहुतेक लोक या ट्रम्पेटवाल्याला ज्या गाण्यावरून ओळखतात, त्यात ट्रम्पेटच नाही. माझी यावर नाराजी आहे आणि ती दर बैठकीत व्यक्त होते.

१५. शेवटचं कधी वाजवलं?

१९६८-६९मध्ये हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडली. डॉक्टरांनी बराच काळ ट्रम्पेटला हात लावू दिला नाही. मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे कार्यक्रम होता. स्टेजवरच जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. त्याचं म्हणणं, तारखा दिल्यात, लोक वाट बघतायत. दोन आठवडे पुरे केले आणि मग हॉस्पिटल. मेमध्ये घरी आला. ६ जुलैच्या पहाटे झोपेतच गेला, वयाची सत्तरी एका महिन्यावर असताना. आदल्या दिवशी त्याने तालमीसाठी बँडला बोलवा असा निरोप दिला होता, असं सांगतात.